मनाचा प्रथमोपचार : एका पाठ्यक्रमाचे देशांतर

रस्त्यात कोणी कोसळला, तर डॉक्टर येईपर्यंत सामान्य माणसाने त्याच्यासाठी काय करावे, याचे पद्धतशीर शिक्षण जगात फार जुने नाही. इ. स. १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी वुलिच येथे पीटर शेफर्ड या लष्करी शल्यवैद्याने नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले. शेफर्ड स्वतः १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानाच्या लढाईत मारला गेला. पण त्याने लावलेले रोप सर्व साम्राज्यभर पसरले. ते पसरण्यास फारशी अडचण पडली नाही, कारण रक्त लंडनला जसे वाहते तसेच लाहोरलाही वाहते, आणि मोडलेल्या हाडाला बांधायची फळी कोणत्या भाषेत मागवली यावर हाडाचे सांधणे अवलंबून नसते. पुस्तक भाषांतरित केले की काम भागत असे.

मनाच्या दुखण्यासाठी असाच एक प्रथमोपचार असावा, ही कल्पना प्रत्यक्षात उतरावयास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली. मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. लंडनमधील धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनी १९५३ साली ‘समॅरिटन्स’ ही, दूरध्वनीवर दुःखिताचे ऐकून घेणारी संस्था काढली. त्यानंतरच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपत्तिग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. परंतु शेजारी, सहकारी, शिक्षक, दुकानदार अशा कोणाही माणसाला काही तासांत शिकवता येईल असा आखीव पाठ्यक्रम प्रथम तयार झाला तो ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबरा येथे, २००० साली. बेटी किचनर या परिचारिका व शिक्षिका. त्यांनी स्वतः औदासीन्याच्या आजाराचा अनुभव घेतलेला. त्यांचे पती अँथनी जॉर्म हे संशोधक. एका संध्याकाळी कुत्र्याला फिरावयास नेले असता दोघांच्या बोलण्यातून ही कल्पना निघाली, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे.

कल्पनेच्या मागे भक्कम आधार होता. जॉर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन नागरिकांपुढे एका काल्पनिक माणसाचे वर्णन ठेवून, याला काय झाले असावे, असा प्रश्न विचारला होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत औदासीन्याचा आजार ओळखणारे शेकडा ३९ निघाले आणि छिन्नमनस्कता ओळखणारे शेकडा २७. जे ओळखू शकले नाहीत ते सर्व निरक्षर होते असे नाही. त्यांना फक्त या एका विषयाची अक्षरओळख नव्हती. ‘मानसिक आरोग्याची साक्षरता’ हा शब्दप्रयोग जॉर्म यांनी रूढ केला तो याच अर्थाने.

पाठ्यक्रम आरंभी नऊ तासांचा होता, पुढे बारा तासांचा झाला. त्याचा गाभा म्हणजे पाच सूत्रे. दुःखिताजवळ जावे आणि जिवाला धोका आहे काय ते पाहावे. दोष न देता त्याचे ऐकावे. धीर आणि माहिती द्यावी. तज्ज्ञाकडे जाण्यास प्रवृत्त करावे. आणि इतर आधारांची जोड द्यावी. या पाचांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘अ‍ॅल्जी’ असे एक नाव साधले आणि ते एका कोआलाला देऊन त्याला पाठ्यक्रमाचे बोधचिन्ह बनवले. ही युक्ती इंग्रजीत मोठी गोड वाटते. दुसऱ्या भाषेत गेल्याबरोबर ती गळून पडते हे उघड आहे. पण आद्याक्षरे गळाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. खरा प्रश्न पाच सूत्रांचाच होता, आणि तो लगेच उभा राहिला नाही, कारण पहिली देशांतरे सोपी होती. स्कॉटलंडने हा पाठ्यक्रम सर्वांआधी उचलला. मागोमाग इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा आणि २००८ साली अमेरिका, अशी त्याची वाटचाल झाली. भाषा एक, दवाखान्यांची व्यवस्था कमीअधिक सारखी. तेव्हा कायदे व पत्ते बदलले की पुस्तक तयार. आज पंचवीसांहून अधिक देशांत तो शिकवला जातो.

पहिली मोठी ठेच परदेशात लागली नाही, ती लागली घरच्या अंगणात. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींसाठी व टॉरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासींसाठी हा पाठ्यक्रम न्यावयाचे ठरले तेव्हा असे दिसून आले की, एकाच देशात दोन देश आहेत. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दच त्या लोकांना परका. त्यांच्या विचारात मन शरीरापासून, कुटुंबापासून, पूर्वजांपासून आणि भूमीपासून वेगळे काढता येत नाही; म्हणून ते ‘सामाजिक व भावनिक स्वास्थ्य’ असे म्हणतात. बोलणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन ऐकावे, हा शहरी पाठ. त्यांच्यातील पुष्कळांना ते उद्धटपणाचे वाटते. आप्त वारल्यानंतर त्याचा आवाज ऐकू आला किंवा तो समोर दिसला, तर त्याला लगेच बुद्धिभ्रम म्हणू नये, कारण शोकाचा तो त्यांच्याकडील मान्य प्रकार आहे. या गोष्टी कॅनबराच्या खोलीत बसून सुचण्यासारख्या नव्हत्या. आदिवासी समाजातील तज्ज्ञांनाच विचारून मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या, आणि हा पाठ्यक्रम शिकवणारेही त्याच समाजातील असावेत असे ठरले. या दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व मला पहिल्याहून अधिक वाटते. ज्या लोकांची मुले सरकारने ‘कल्याणा’च्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या उचलून नेली, त्यांच्या दाराशी सरकारी छापाचे आणखी एक कल्याण घेऊन परका माणूस उभा राहिला, तर दार कोण उघडणार?

शब्दांची अडचण आशियात अधिक तीव्र झाली, आणि ती केवळ कोशाने सुटणारी नव्हती. जपानचे उदाहरण पाहावे. छिन्नमनस्कतेसाठी जपानीत जो शब्द रूढ होता त्याचा शब्दशः अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’ असा होता. तो शब्द इतका भीतिदायक ठरला की, डॉक्टरच तो रुग्णापुढे उच्चारावयास कचरत. अखेर २००२ साली रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नावच बदलले. १९९८ पासून पुढे चौदा वर्षे त्या देशात दरसाल तीस हजारांहून अधिक आत्महत्या होत होत्या. २००६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. अशा देशात मनाचा प्रथमोपचार प्रथम कोणाला शिकवावा? तेथील काही मनोविकारतज्ज्ञांनी तो तरुण निवासी डॉक्टरांना, दोन तासांत, सोंगे वठवून शिकवण्याचा प्रयोग केला. मूळ कल्पना डॉक्टर नसलेल्यांसाठी होती हे लक्षात घेतले, म्हणजे या उलटापालटीतील शहाणपण कळते. शरीराच्या तक्रारी घेऊन येणारा जपानी माणूस मनाची तक्रार त्याच डॉक्टरापुढे, आडून, मांडत असतो. तेव्हा ऐकावयास शिकवायचे ते त्यालाच.

नेपाळातील अनुभव तर आम्हां मराठी माणसांना आपल्याच घरचा वाटावा असा आहे. तेथे काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी असे दाखवले आहे की, नेपाळी बोलीत ‘मन’ आणि ‘दिमाग’ ही दोन निराळी स्थाने आहेत. दुःख, आठवण, चिंता यांचे घर मन. विवेक आणि सामाजिक वर्तन यांचे घर दिमाग. मन दुखले असे सांगण्यात लाज नाही, ते सर्वांचेच दुखते. दिमाग बिघडला म्हटले की मनुष्य समाजातून उठला. मराठीत काय वेगळे आहे? ‘तिच्या मनाला फार लागले’ हे वाक्य आपण चारचौघांत बोलतो. ‘तिच्या डोक्यावर परिणाम झाला’ हे दार लावून, आवाज उतरवून. जिवाला घोर लागतो, जीव घुसमटतो, काळजी पोखरते, कशात मन लागत नाही, हे सारे सांगता येते आणि ऐकणाराही सरसावून बसतो. त्याऐवजी ‘मानसिक रुग्ण’ म्हटले की, ठाणे किंवा येरवडा डोळ्यांपुढे उभा राहतो. हिंदी मुलखात राहणाऱ्या वाचकांना त्या जागी आग्रा आणि राँची ही नावे ठाऊक आहेतच. ‘मेंटल’ हा इंग्रजी शब्द तर आपल्या शहरांतील पोरेसोरे शिवी म्हणून वापरतात. मूळ पाठ्यक्रमाचे इंग्रजी नाव जसेच्या तसे फलकावर लिहून कोणी वर्ग भरवला, तर त्यात बसावयास येणारा माणूस आधीच शूर असला पाहिजे.

येथे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना जाणवणारी आणखी एक गोष्ट आहे. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी आणि घरात मराठी, असे तीन थर ज्यांच्या जिभेवर आहेत, ते दुःख कोणत्या थरातून सांगतात? ऐकणारा ज्या भाषेत तयार झाला ती भाषा, आणि बोलणाऱ्याचा जीव ज्या भाषेत घुसमटतो ती भाषा, या दोन जुळल्याखेरीज ‘दोष न देता ऐकावे’ हे दुसरे सूत्र कागदावरच राहते. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली तेव्हा ती अनेक भारतीय भाषांतून चालावी अशी योजना केली, ती या दृष्टीने योग्यच झाली.

आता भारतासाठी या प्रथमोपचाराचे नियम कसे ठरले ते पाहू. पद्धत अशी : संभाव्य कृतींची लांबलचक यादी करावयाची, ती जाणकारांच्या मंडळाकडे पाठवावयाची, प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत द्यावयाचे, आणि ज्यावर बहुतेकांचे एकमत होईल तेवढेच ठेवावयाचे, असे फेरे दोन-तीनदा. ग्रीक देवळातील भविष्यवाणीवरून या पद्धतीला डेल्फाय असे नाव आहे. आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाला मदत कशी करावी, यावरील भारतीय मार्गदर्शिका या पद्धतीने तयार होऊन २०१० साली प्रसिद्ध झाली. प्रथम १३८ विधाने होती. मंडळाने सुचवलेल्या गोष्टींवरून ३० नवी लिहिली गेली. एकूण १६८ पैकी ७१ मान्य ठरली. म्हणजे निम्म्याहून अधिक यादी भारतीय मंडळाने बाजूला ठेवली. या एका आकड्यावरून, ‘पुस्तक भाषांतरित केले की झाले’ या समजुतीची किंमत कळावी.

तरीही या उद्योगात एक उणीव राहून गेली, आणि ती स्पष्ट बोलणे बरे. इंग्रजी भाषक देशांत असे नियम करताना तीन मंडळे बसवत : उपचार करणारे, आजारातून गेलेले, आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्त. भारतात मंडळ एकच, उपचार करणाऱ्यांचे. ज्याने ती रात्र काढली आहे, आणि ज्या आईने उशाशी बसून ती काढली आहे, त्यांना कोणी विचारले नाही. आपल्याकडे रुग्णांच्या संघटना थोड्या आणि विखुरलेल्या, हे कारण असू शकेल. पण त्यामुळे एक अवघड प्रश्न अर्धाच तपासला गेला : कुटुंबाचा. तज्ज्ञ भारतीय असला की तो कुटुंबाला सामील करून घ्या म्हणणार, आणि पुष्कळदा ते बरोबरच असते. आपल्याकडे रुग्णासोबत दवाखान्यात घरचा माणूस येतो, राहतो, औषधे सांभाळतो. परंतु आत्महत्यांच्या सरकारी नोंदींत गृहिणींचा वर्ग दरसाल मोठा असतो. सासरचा छळ हेच जिचे दुःख, तिच्या बाबतीत प्रथमोपचार करणाराने विश्वासाने सासूला बोलावून आणले तर तो उपचार की अपाय? या प्रश्नाचे उत्तर तिच्यासारख्या बायकांनीच द्यावयास हवे होते.

दुसरी अडचण कायद्याची. जिवाला धोका वाटला तर आत्महत्येविषयी थेट विचारावे, आडवळणे घेऊ नयेत, विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, असा मूळ पाठ्यक्रमाचा आग्रह आहे आणि संशोधनाचा त्याला आधार आहे. पण २०१० साली भारतात आत्महत्येचा प्रयत्न हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखाली गुन्हा होता. शेजाऱ्याने विचारलेल्या त्या थेट प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे पोलिसांच्या दाराची वाट दाखवणे, अशी भीती असताना कोण बोलेल? प्रयत्नातून वाचलेल्याला इस्पितळात नेले की पोलिसांची नोंद होणार म्हणून घरचे लोक अपघात झाल्याचे सांगत, आणि त्याची मनाची जखम नोंदीबाहेर राही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये असे ठरवले. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे.

शब्द जुळले, कायदा सुधारला, तरी चौथे सूत्र उरतेच : तज्ज्ञाकडे जाण्यास प्रवृत्त करावे. कॅनबरात ते वाक्य सहज लिहिता येते. भारतात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता वाट्याला येत नाही, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांचे शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. ‘प्रथम’ या शब्दाला अर्थ येतो तो ‘नंतर’ काही असेल तर. जेथे नंतर काहीच नाही तेथे प्रथमोपचार हाच सगळा उपचार ठरतो, आणि मग बारा तासांचा पाठ्यक्रम अपुरा पडतो. माझ्या मते या पाठ्यक्रमाच्या देशांतराची खरी कसोटी हीच आहे. बाकीच्या अडचणी तिच्यापुढे किरकोळ होत.

ही कसोटी कोणी ओलांडली हे पाहावयाचे तर कॅनबराची परंपरा सोडून दुसऱ्या एका परंपरेकडे वळले पाहिजे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे २००५ साली सरकारने झोपडवस्त्या पाडल्या. सुमारे सात लाख लोकांचे घर किंवा पोटाचे साधन गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. एक कोटीहून अधिक वस्तीच्या त्या देशात मनोविकारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यांपैकी एक डिक्सन चिबांडा. त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली. ती इस्पितळात का आली नाही, असे त्यांनी तिच्या आईला विचारले, तेव्हा बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते, असे उत्तर मिळाले. चौथ्या सूत्राचे वजन त्या पंधरा डॉलरांत तोलावे. चिबांडांनी २००६ साली म्बारे वस्तीत चौदा आजीबाईंना हाताशी धरले आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकला. प्रथम त्याला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हटले, कोणी बसेना. मग आजींच्या सांगण्यावरून ‘मैत्रीचा बाक’ असे नाव दिले. आजी औदासीन्य हा शब्द वापरत नाहीत. त्या शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरतात, ज्याचा अर्थ अति विचार करणे. त्यांच्या उपचाराच्या तीन पायऱ्यांनाही शोना नावेच आहेत : मन मोकळे करणे, उभारी देणे, बळकट करणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवरील चाचणीत या बाकाचा गुण स्पष्ट दिसला.

आणि येथे एक धागा आपल्याकडे येतो. कुफुंगिसिसा या शब्दाचा शास्त्रीय अभ्यास करून शोना भाषेतील प्रश्नावली सिद्ध करणाऱ्यांत प्रमुख होते विक्रम पटेल. मुंबईत वैद्यक शिकलेले, १९९० नंतरच्या दशकात हरारेत काम केलेले. तीच प्रश्नावली पुढे बाकावरच्या आजींच्या हाती आली. पटेल गोव्यात परतले. १९९६ साली तेथे ‘संगत’ ही संस्था निघाली आणि ‘मानस’ या नावाच्या चाचणीत गोव्यातील २४ दवाखान्यांमध्ये, डॉक्टर नसलेल्या साध्या सल्लागारांकडून उपचार करून पाहण्यात आले. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला परिणाम झाला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारताची डेल्फाय मार्गदर्शिका निघाली हा योगायोग आहे, परंतु बोलका. एकीकडे तज्ज्ञापर्यंत कसे पोचवावे याचे नियम; दुसरीकडे तज्ज्ञ नसताना काय करावे याचा प्रयोग.

कॅनबराच्या पाठ्यक्रमाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. शिकणाराचे ज्ञान वाढते, तिरस्कार कमी होतो, मदतीचा धीर येतो, हे अनेक चाचण्यांत दिसले. शिकणाराचे स्वतःचे स्वास्थ्यही सुधारते असा अनपेक्षित लाभही आरंभीच्या एका चाचणीत आढळला. मात्र ज्याला मदत केली तो बरा होतो काय, याविषयी निर्णय देण्याजोगा पुरावा नाही, असे २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेने म्हटले. वीस वर्षे शिकवूनही हा प्रश्न उघडा राहावा, हे शिकणाराला मोजणे सोपे आणि दुःखिताला शोधणे अवघड म्हणूनच घडले असावे.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या एका विधी महाविद्यालयातील केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम उभा केला, आणि २०१७ पासून तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात साडेसहाशेच्या आसपास गावांत पोचला. गावातलेच स्वयंसेवक निवडावयाचे. त्यांनी दुःखित ओळखावा, ऐकावे, आणि दारू, घरातील भांडणे अशा विषयांवरील छोटे चित्रपट भ्रमणध्वनीवर लोकांना दाखवावेत. पेठमध्ये हे मराठीत झाले, मेहसाण्यात गुजरातीत. भाषेबरोबर माणसे बदलली, गावच्या पंचायतीशी असलेले नाते बदलले. एक काम मात्र दोन्हीकडे सारखे राहिले. ज्या बाईचा घोर पैशाचा आहे तिला विधवा वेतन मिळते काय, तिचा अर्ज कोठे अडला, कोणत्या खिडकीपाशी कोणता कागद लागतो, हे स्वयंसेवकाने पाहावयाचे आणि गरज पडल्यास तिच्याबरोबर तालुक्याला जावयाचे. पाच सूत्रांतील शेवटचे सूत्र इतर आधारांचे आहे. त्याखाली असला कागद आणि असली खिडकी कॅनबरात कोणी लिहिली नव्हती.